टूर द फ्रान्स २०२५ : घाटांत पोगाचार वरचढ ठरेल की विंगेगोर?

शिखरवाट | १ जुलै २०२५

येत्या शनिवारी, ५ जुलैला, यंदाची टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत लील शहरातून निघेल आणि २१ टप्पे पार करून २७ जुलैला पॅरिसमध्ये पोहोचेल. २०२१ पासून सलग चार वर्षे अंतिम क्रमवारीतील पहिल्या दोन जागा स्लोव्हेनियाचा ताडेय पोगाचार आणि डेन्मार्कचा योनास विंगेगोर यांनीच आपसांत वाटून घेतल्या आहेत. २०२१ आणि २०२४ मध्ये पोगाचार पहिला होता, तर २०२२ आणि २०२३ मध्ये विंगेगोर. त्याआधी २०२० ची शर्यतही पोगाचारनेच जिंकली होती. या दोघांत अधिक गुणी सायकलपटू कोण, हा वाद मला इथे उकरून काढायचा नाही. ज्याने याच वर्षी फ्लँडर्स आणि लिएज-बास्तोन्य-लिएज या दोन्ही एकदिवसीय शर्यती जिंकल्या आणि व्यावसायिक कारकिर्दीत प्रथमच उतरलेल्या पारी-रूबेमध्ये दुसरा क्रमांक मिळवला, त्याच्या सर्वांगीण कौशल्याबद्दल कोणाला शंका असण्याचे कारण नाही. माझा प्रश्न अधिक नेमका आहे. तीन आठवड्यांच्या या शर्यतीत, याच मार्गावर, विंगेगोरला आघाडी घेता येईल अशा जागा किती आहेत आणि त्या कोणत्या?

आजवरचा हिशेब पाहता विंगेगोरने पोगाचारला खऱ्या अर्थाने उघडे पाडल्याचे मोठे प्रसंग तीनच आहेत. पहिला २०२२ मध्ये ग्रानोंच्या घाटात, जिथे आधीच्या गालिबिए घाटावर विंगेगोर आणि त्याचा तेव्हाचा संघसहकारी रोग्लिच यांनी आळीपाळीने हल्ले चढवून पोगाचारला दमवले आणि २४१३ मीटर उंचीच्या शेवटच्या माथ्यावर तो जवळजवळ तीन मिनिटांनी मागे पडला. दुसरा त्याच वर्षी ओताकामवर, जिथे विंगेगोरचा संघसहकारी वाउट वान आर्ट याने लावलेल्या वेगापुढे पोगाचारची साथ सुटली आणि आणखी १ मिनिट ४ सेकंदांचे अंतर पडले. तिसरा २०२३ मध्ये, कोंब्लूची टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याचा टप्पा) आणि तिच्या दुसऱ्या दिवशीचा लोझचा घाट. टाइम ट्रायलमध्ये १ मिनिट ३८ सेकंद आणि लोझच्या दिवशी त्याहून किती तरी अधिक. यंदाचा मार्ग आखणाऱ्यांनी ओताकाम आणि लोझ हे दोन्ही घाट पुन्हा घेतले आहेत आणि २०२१ मध्ये विंगेगोरने ज्या व्हाँतूवर पोगाचारला काही काळ मागे टाकले होते, तोही त्यांत आहे. नकाशा पाहून विंगेगोरच्या चाहत्यांना बरे वाटणे स्वाभाविक आहे.

मला मात्र दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे पहिले नऊ टप्पे जवळजवळ सपाट किंवा लहान चढांचे आहेत. उत्तर फ्रान्सचा वारा, रूआँ आणि म्यूर-द-ब्रेतान्य येथील आखूड पण तीव्र चढ आणि काँ येथील ३३ किलोमीटरची सपाट टाइम ट्रायल. हे सगळे पोगाचारच्या पथ्यावर पडणारे आहे, आणि टप्प्याच्या शेवटी पहिल्या तिघांना मिळणारी, एकूण वेळेतून वजा होणारी १०, ६ आणि ४ सेकंदांची सवलतही तोच गोळा करणार. पहिला खरा मोठा घाट, म्हणजे ओताकाम, थेट १७ जुलैला येतो. दुसरी गोष्ट अशी की लोझ हा घाट नावाने तोच असला तरी २०२३ मध्ये तो मेरिबेलच्या बाजूने चढला गेला होता आणि त्या बाजूच्या वरच्या भागात अतिशय तीव्र, तुटक चढ आहेत. यंदा तो कूर्शव्हेलच्या बाजूने चढायचा आहे, २६.४ किलोमीटर, सरासरी ६.५ टक्के. लांबी प्रचंड आहे, परंतु चढ अधिक एकसारखा आहे आणि एकसारख्या चढात पोगाचारला उघडे पाडणे कठीण असते.

दोन वर्षांपूर्वीचा पोगाचार आणि आजचा पोगाचार यांत मोठा फरक पडला आहे, हे गेल्या वर्षी प्लातो द बेयवर दिसले. तिथे विंगेगोरने पायथ्यापासून थोडे वर आल्यावरच, माथा दहा किलोमीटरहून अधिक दूर असताना हल्ला चढवला आणि त्याच्या आयुष्यातील सर्वोत्तम चढाईंपैकी एक केली. तरीही शेवटच्या साडेपाच किलोमीटरमध्ये पोगाचार पुढे निघून गेला आणि १ मिनिट ८ सेकंदांनी जिंकला. आपली सर्वोत्तम चढाई करूनही हरणे, हा विंगेगोरपुढचा खरा प्रश्न आहे.

माझे मत पोगाचारच्या बाजूने आहे, पण ते एकतर्फी नाही. जाणकारांनी विरुद्ध बाजू मांडावी.

कोपनहेगनकर | २ जुलै २०२५

२०२२ ची टूर जेव्हा आमच्या शहरातून निघाली, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या गर्दीत मीही होतो. त्यामुळे माझे मत तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. तरीही मुद्द्यांना मुद्द्यांनीच उत्तर देतो.

गेल्या वर्षीच्या निकालाला शिखरवाट यांनी जितके वजन दिले आहे, तितके द्यायला मी तयार नाही. ४ एप्रिल २०२४ रोजी बास्क प्रदेशातील शर्यतीत विंगेगोर ज्या रीतीने कोसळला, त्यात त्याचे खांद्याजवळचे हाड (कॉलरबोन) मोडले, बरगड्या मोडल्या आणि फुप्फुसाला इजा झाली. अशा माणसाने तीन महिन्यांत टूरमध्ये दुसरा क्रमांक मिळवावा आणि ल लिओरां येथे पोगाचारने तीस किलोमीटर आधी केलेला हल्ला भरून काढून शेवटच्या झेपेत त्याला हरवावे, ही मला त्याच्या क्षमतेची साक्ष वाटते. यंदा मार्चमध्ये पारी-नीस शर्यतीत तो पुन्हा पडला, डोक्याला मार बसला, हे खरे. पण त्यानंतर त्याला सरावाला पुरेसा अवकाश मिळाला आहे.

जूनमधल्या दोफिने शर्यतीकडे पाहू. सर्वांना आठवतात ते पोगाचारने जिंकलेले दोन डोंगरी टप्पे, आणि त्यांपैकी कोंब्लूचा टप्पा विंगेगोरच्या दृष्टीने वाईटच होता, कारण तिथे त्याने एक मिनिटाहून थोडा अधिक वेळ गमावला. परंतु दुसऱ्या दिवशी वाल्मेनिएच्या लांब आणि उंच घाटात हे अंतर केवळ १४ सेकंद होते. चढ जितका लांब, दिवस जितका जड, तितके हे दोघे एकमेकांजवळ येतात. शिवाय टाइम ट्रायलमध्ये विंगेगोर पोगाचारपेक्षा जवळजवळ अर्ध्या मिनिटाने वेगवान होता. तेव्हा काँच्या टाइम ट्रायलला पोगाचारच्या खात्यात आधीच जमा करणे घाईचे आहे.

शेवटचा मुद्दा संघाचा. विंगेगोरच्या विस्मा संघाकडे मात्तेओ योर्गन्सन, सेप कुस, वाउट वान आर्ट आणि नुकताच फिनेस्त्रेच्या घाटात जिरो द'इटालिया, म्हणजे मे महिन्यातील इटलीची तीन आठवड्यांची शर्यत, खेचून आणणारा सायमन येट्स आहे. २०२२ मध्ये ग्रानोंवर जे घडले ते एकट्या विंगेगोरचे काम नव्हते; दोन बाजूंनी पडणारे हल्ले एकट्या पोगाचारला थोपवावे लागले म्हणून ते घडले.

नवखा_स्वार | २ जुलै २०२५

सर्वांचे प्रतिसाद आवडीने वाचत आहे. मी स्वतः केवळ हौसेने सायकल चालवतो, म्हणून एक प्राथमिक प्रश्न विचारतो. घाट छोटा असो की मोठा, सपाट रस्ता असो की चढ, ताकद तर तीच लागते. मग एक सायकलपटू सपाटीवर वरचढ आणि दुसरा लांब घाटात वरचढ, असे का होते? आणि उंचीचा उल्लेख सारखा का येतो?

भौतिकीमास्तर | ३ जुलै २०२५

नवखा_स्वार यांचा प्रश्न प्राथमिक असला तरी या साऱ्या चर्चेचा पाया तोच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सपाट रस्त्यावर सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते आणि हवेच्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. टाइम ट्रायलमध्ये हे लोक ताशी ५० किलोमीटरच्या वर जातात, तेव्हा एकूण वॉट किती आणि शरीर हवेत किती कमी अडथळा करते, यावर निकाल लागतो. आठ-नऊ टक्क्यांच्या चढात मात्र वेग ताशी २०-२२ किलोमीटरपर्यंत खाली येतो आणि बहुतेक शक्ती स्वतःचे वजन वर उचलण्यात जाते. तिथे प्रति किलो वजनामागे किती वॉट, हाच हिशेब चालतो. विंगेगोरचे वजन साधारण ६० किलो आणि पोगाचारचे त्याहून पाच-सहा किलो अधिक. म्हणजे एकाच वेगाने चढायचे तर पोगाचारला प्रत्येक क्षणी अधिक वॉट द्यावे लागतात, आणि तो ते देतो, ही त्याची असामान्य बाब आहे.

आता उंची. समुद्रसपाटीपासून २३०० मीटरवर हवेचा दाब, आणि त्याबरोबर उपलब्ध प्राणवायू, खालच्या तुलनेत सुमारे तीन-चतुर्थांश उरतो. आपले कळसूबाई १६४६ मीटर आहे आणि लोझचा माथा २३०४ मीटर, यावरून तिथल्या विरळ हवेची कल्पना यावी. विंगेगोर उंचावर कमी ढासळतो, असा समज ग्रानों आणि लोझ या दोन दिवसांवरून रूढ झाला. पण यंदाच्या घाटांची उंची जरा नीट पाहा. ओताकाम १५२० मीटरच्या आसपास, व्हाँतू १९१० मीटर, ला प्लान्य २००० च्या किंचित वर, आणि सुपरबान्येर त्याहून खाली. तूर्माले २११५ मीटर आहे खरा, पण त्याच्या माथ्यावरून टप्प्याचा शेवट पुष्कळ दूर आहे. विरळ हवेचा सिद्धान्त खरा मानला तरी तो यंदा एकाच दिवशी, लोझवर, आणि तिथेही शेवटच्या तीन-चार किलोमीटरमध्ये लागू पडेल.

म्हणून उंचीपेक्षा थकव्याचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. लोझच्या दिवशी ग्लांदों, मादलेन आणि लोझ मिळून सुमारे ५४५० मीटर चढाई आहे. पाच तासांच्या श्रमानंतर कोणाच्या पायांत किती उरते, हे ताज्या पायांच्या वॉटवरून सांगता येत नाही. ग्रानोंच्या दिवशी पोगाचारचे खाण्यापिण्याचे गणित बिघडले होते असे म्हटले जाते. आता हे सायकलपटू तासाला १२० ग्रॅमपर्यंत कर्बोदके पोटात घालतात आणि ती पचवण्याचा वर्षभर सराव करतात. त्यामुळे इंधन संपून कोसळण्याचे प्रसंग पूर्वीपेक्षा दुर्मीळ झाले आहेत.

अनुजा र. | ४ जुलै २०२५

चर्चा फारच दोघांपुरती झाली आहे. बाकीच्यांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण थोडक्यातच लिहिण्यासारखे आहे.

रेमको इव्हनपूल टाइम ट्रायलमध्ये दोघांनाही भारी आहे, परंतु डिसेंबरमधील अपघातानंतरची त्याची तयारी एप्रिलपर्यंत लांबली आणि दोफिनेच्या घाटांत तो दोघांच्या मागेच राहिला. प्रिमोझ रोग्लिच जिरो अर्धवट सोडून आला आहे. त्याच्याच संघातला फ्लोरियान लिपोवित्झ मात्र दोफिनेमध्ये तिसरा आला आणि तिसऱ्या जागेसाठी मी त्याच्यावरच डोळा ठेवून आहे.

खरा महत्त्वाचा माणूस आहे जुआव आल्मेइदा. त्याने यंदा बास्क, रोमांदी आणि स्विस या तीनही शर्यती जिंकल्या आहेत. इतर कोणत्याही संघात तो प्रमुख असता. यूएई संघात तो पोगाचारचा सहकारी आहे. विस्माचा दोन बाजूंनी हल्ल्याचा डाव २०२२ मध्ये चालला, कारण पोगाचार एकटा पडला होता. आता आल्मेइदा आणि अ‍ॅडम येट्स सोबत असताना कोपनहेगनकर यांचा मुद्दा अर्धाच उरतो. सायमन येट्स पुढे निसटला, तर त्याच्यामागे पोगाचारने जायची गरज नाही. आल्मेइदाने गेले तरी पुरे.

शिखरवाट | ९ जुलै २०२५

काँची टाइम ट्रायल झाली. अपेक्षेप्रमाणे इव्हनपूल जिंकला आणि पोगाचार त्याच्यापेक्षा १६ सेकंदांनी मागे, दुसरा आला. विंगेगोर मात्र १ मिनिट २१ सेकंदांनी मागे राहिला. म्हणजे या एका दिवसात दोघांमध्ये ६५ सेकंदांचे अंतर पडले आणि एकूण क्रमवारीत ते आता १ मिनिट १३ सेकंद आहे.

गंमत अशी की पहिल्या दिवशी वाऱ्यात जथा तुटला, तेव्हा इव्हनपूल आणि रोग्लिच मागे अडकले आणि विंगेगोर पुढे राहिला. ज्या दिवसांची भीती होती ते त्याने निभावून नेले, आणि ज्या दिवसाची त्याला फारशी भीती नव्हती तिथे वेळ गेला. दोफिनेतली टाइम ट्रायल १७ किलोमीटरची होती, ही ३३ किलोमीटरची. पण केवळ लांबीवरून या उलथापालथीचा उलगडा होत नाही.

दमसास | ९ जुलै २०२५

कोणी लक्ष दिले असेल तर, दोफिनेनंतर पोगाचारने त्या टाइम ट्रायलमधील आपल्या कामगिरीबद्दल नाराजी लपवली नव्हती. दोफिने त्याने तपासणीसाठी वापरली असावी असे मला वाटते. विंगेगोरचे मात्र वाईट दिवस अचानक येतात आणि त्यांचे कारण बाहेरून दिसत नाही. तीन आठवड्यांच्या शर्यतीत असा एक दिवस टाइम ट्रायलमध्ये आला, तर तो तिथेच संपतो. घाटात आला, तर शर्यतच संपते.

अनुजा र. | १७ जुलै २०२५

ओताकाम पाहून जेवणाचे ताट बाजूला ठेवूनच लिहायला बसले आहे. आपल्याकडे टप्पे नेमके रात्रीच्या जेवणाच्या वेळी संपतात, ही या शर्यतीची आपल्यावरची एक शिक्षाच.

आल्मेइदा म्यूर-द-ब्रेतान्यच्या टप्प्यात पडला, त्याची बरगडी मोडली आणि दोन दिवसांनी त्याने शर्यत सोडली, हे आपण पाहिलेच. त्यामुळे आज यूएईची बाजू लंगडी पडेल अशी माझी अपेक्षा होती. त्यात काल तुलूजमध्ये शेवटच्या काही किलोमीटरमध्ये पोगाचार स्वतः पडला होता. बाकीच्यांनी वेग कमी करून त्याला परत येऊ दिले, ही सभ्यता नोंद घेण्यासारखी आहे. इतके सगळे असताना आज ओताकामच्या पायथ्याशी पोगाचारच्या संघातील नार्व्हाएझने वेग वाढवला आणि माथा जवळजवळ बारा किलोमीटर दूर असताना पोगाचार निघाला. विंगेगोरने काही काळ अंतर आटोक्यात ठेवण्याचा प्रयत्न केला आणि मग ते वाढतच गेले. २ मिनिटे १० सेकंद. लिपोवित्झ विंगेगोरच्या केवळ १३ सेकंद मागे होता.

२०२२ च्या ओताकामची ही उलटी आवृत्ती आहे, असे म्हणणे सोपे आहे, पण फरक लक्षात घ्यावा. तेव्हा विंगेगोरने शेवटच्या चार किलोमीटरमध्ये आणि तिसऱ्या आठवड्यात अंतर पाडले होते. आज पोगाचारने पहिल्याच मोठ्या घाटात आणि जवळजवळ पायथ्यापासून पाडले. योर्गन्सन तर आज कुठल्या कुठे मागे राहिला, त्यामुळे विस्माचा दुहेरी डावही संपल्यासारखा आहे.

कोपनहेगनकर | १८ जुलै २०२५

आजच्या पेरागूदच्या डोंगरी टाइम ट्रायलमध्ये विंगेगोरने आपल्या आधी दोन मिनिटे निघालेल्या इव्हनपूलला गाठून मागे टाकले. म्हणजे कालचा दिवस त्याचा वाईट होता आणि आज तो सावरला. तरीही पोगाचार ३६ सेकंदांनी पुढे राहिला, तेही टाइम ट्रायलची खास सायकल न घेता, साध्या शर्यतीच्या सायकलवर. १०.९ किलोमीटरपैकी शेवटचे आठ चढाचेच असल्याने हलकी सायकल घेण्याचा त्याचा निर्णय योग्य ठरला. शेवटी विमानाच्या धावपट्टीवर जो १६ टक्क्यांचा चढ लागतो, तिथे तो आज ज्या सहजतेने गेला, ते पाहून मला वाद घालण्याचा उत्साह राहिलेला नाही.

अंतर आता ४ मिनिटे ७ सेकंद आहे. तरीही व्हाँतू आणि लोझ बाकी आहेत, आणि माझा मूळ मुद्दा लांब घाटांचा आणि जड दिवसांचा होता, तो मी अजून सोडलेला नाही.

नवखा_स्वार | २२ जुलै २०२५

आज व्हाँतूवर व्हालाँतां पारे-पेंत्र जिंकला आणि एका फ्रेंच सायकलपटूने व्हाँतू जिंकल्यावर तिथे काय जल्लोष झाला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. माझा प्रश्न मागच्या दोघांबद्दल आहे. विंगेगोरने पुन्हा पुन्हा हल्ले केले, पण पोगाचार प्रत्येक वेळी त्याच्या चाकामागे येऊन बसला, आणि शेवटी दोन सेकंद पुढे गेला. असे असेल, तर विंगेगोर नेमके काय साधत होता?

भौतिकीमास्तर | २२ जुलै २०२५

तुम्ही विचारले ते रास्त आहे. इतक्या तीव्र चढातही ताशी २० किलोमीटरच्या वेगाला पुढच्याच्या आडोशाने मागच्याची थोडी ताकद वाचते. फार नव्हे, पण बरोबरीच्या दोघांत ती पुरते. म्हणून अचानक झेप घेऊन ते चाक सोडवणे, हा एकच मार्ग उरतो, आणि अचानक झेप हे तर पोगाचारचेच शस्त्र. विंगेगोरला लाभ होतो तो एकसारख्या, न परवडणाऱ्या वेगाने, जो दुसऱ्याला हळूहळू संपवतो. तसे करायला पुढे ओढणारे सहकारी लागतात. बेदुआँकडून व्हाँतूचा चढ १५.७ किलोमीटरचा, सरासरी ८.८ टक्के, आज पोगाचारने तो ५५ मिनिटांच्या आत चढला आणि विंगेगोर त्याच्या जवळजवळ सोबतच होता. एवढ्या वेगात दोघे बरोबरीने असणे, हेच कोपनहेगनकर यांच्या मुद्द्याला थोडे बळ देते.

कोपनहेगनकर | २४ जुलै २०२५

लोझ झाला. बेन ओ'कॉनर जिंकला, आणि पोगाचारने अगदी शेवटी विंगेगोरपेक्षा ९ सेकंद अधिक मिळवले.

आज विस्माने करायला हवे होते तेच केले, हे मात्र मान्य केले पाहिजे. मादलेनच्या घाटातच त्यांनी शर्यत फोडली आणि माथ्याच्या बऱ्याच आधी विंगेगोरने स्वतः हल्ला चढवला. पोगाचार सोबत आला. मग मधल्या लांब दरीत दोघांपैकी कोणालाच पुढे ओढण्यात रस उरला नाही, मागचे येऊन मिळाले, आणि मादलेनवर खर्च केलेले सगळे श्रम वाया गेले. मार्ग आखणाऱ्यांना बोल लावायचा तर तो इथे लावावा लागेल: तीन राक्षसी घाट एका दिवसात ठेवले, पण त्यांच्यामध्ये इतका सपाट रस्ता ठेवला की शेवटच्या घाटाआधी केलेला कोणताही हल्ला तिथे विरघळून जावा.

शिखरवाट | २७ जुलै २०२५

शर्यत संपली. आज पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या चढावर वाउट वान आर्टने पोगाचारला मागे टाकून शेवटचा टप्पा जिंकला. विस्मासाठी हा दिवस सुखाचा ठरला. एकूण क्रमवारीत पोगाचार पहिला, विंगेगोर ४ मिनिटे २४ सेकंदांनी दुसरा आणि लिपोवित्झ बरोबर अकरा मिनिटांनी तिसरा. अनुजाताईंनी लिपोवित्झचे नाव ४ जुलैलाच घेतले होते, हे इथे नोंदवून ठेवतो.

त्या ४ मिनिटे २४ सेकंदांचा, म्हणजे २६४ सेकंदांचा, हिशेब मी कागदावर मांडला. काँच्या सपाट टाइम ट्रायलमध्ये ६५. बूलोन्य, रूआँ आणि म्यूर-द-ब्रेतान्य येथील सवलतीचे सेकंद धरून १२. ओताकामवर सवलतीसह १३४. पेरागूदच्या टाइम ट्रायलमध्ये ३६. एवढ्यानेच २४७ होतात. त्यानंतर सुपरबान्येर, व्हाँतू, लोझ आणि ला प्लान्य, म्हणजे ज्यांच्यासाठी आपण सगळे वाट पाहत होतो ते चार माथे, यांत मिळून फरक पडला तो केवळ १७ सेकंदांचा. ला प्लान्यवर तर विंगेगोरने पोगाचारच्या पुढे राहून सवलतीचे दोन सेकंद परतही मिळवले.

याचा अर्थ मी असा लावतो की शर्यत १८ जुलैलाच ठरली होती आणि त्यानंतर पोगाचारने फक्त चाक धरून ठेवले. चार मिनिटांची आघाडी असलेल्याने हल्ला करायचे कारणच नव्हते.

कोपनहेगनकर | २८ जुलै २०२५

हिशेब चोख आहे, पण त्याचा अर्थ मी उलट लावतो. पोगाचारने फक्त चाक धरले असे म्हणताना हे विसरले जाते की गेल्या वर्षी इझोला आणि कुयोल येथे, शर्यत खिशात असतानाही, तो शेवटच्या दिवसांपर्यंत जिंकतच होता. जिंकण्याची ताकद असताना तो सोडणाऱ्यांपैकी नाही. यंदा शेवटच्या आठवड्यात त्याने डोंगरातला एकही टप्पा जिंकला नाही. ला प्लान्यवर थायमन आरेन्समन दोघांच्या पुढे निसटला, तेव्हा त्याला गाठायला पोगाचार निघाला नाही आणि तिसरा आला. मला ते थकलेल्या माणसाचे सायकल चालवणे वाटले. विंगेगोर ओताकामवर दोन मिनिटांनी मागे पडला नसता, तर त्याच थकलेल्या पोगाचारला लोझवर स्वतःहून हल्ला करावा लागला असता.

भौतिकीमास्तर | २८ जुलै २०२५

दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात. थकलेला माणूससुद्धा चाक धरू शकतो. त्याला वेगळे पाडण्यासाठी पुढे ओढणारा सहकारी शेवटच्या पाच-सहा किलोमीटरपर्यंत टिकावा लागतो, आणि यंदा विस्माकडे तिथपर्यंत कोणीच टिकले नाही. २०२२ मध्ये ओताकामवर ते काम वान आर्टने केले होते. यंदा सायमन येट्स जिरोची तीन आठवड्यांची शर्यत खेळून आला होता आणि ल मों-दोरचा टप्पा जिंकूनही मोठ्या घाटांत त्याचा उपयोग मर्यादितच राहिला. पुढच्या वर्षी विंगेगोरच्या शक्यता मोजायला बसाल, तेव्हा त्याच्या वॉटच्या आधी त्याच्या सोबत्यांची यादी आणि त्यांनी मेमध्ये काय केले, हे पाहावे.

कोपनहेगनकर | २८ जुलै २०२५

मास्तरांचे हे म्हणणे मला मान्य आहे. तूर्त विंगेगोर २३ ऑगस्टला तोरिनोहून निघणाऱ्या व्हुएल्टा या स्पेनच्या शर्यतीमध्ये उतरणार आहे. त्याचा धागा स्वतंत्र काढतो. ओताकामचा तो एक दिवस अपवाद होता की नाही, हे तिथल्या घाटांत तपासता येईल.